बाहीवरची हळद

आमच्या ह्यांना, म्हणजे रिसोडच्या हरीओम स्टुडिओच्या मालकांना, डोळे दोन आहेत आणि दोन्ही धड आहेत. तरी रंग बघायला त्यांना यंत्र लागतं. स्टुडिओत एडिटिंग मी करते. बोर्डावर फोटो मात्र त्यांचा आहे, तोही त्यांनी स्वतःच गोरा केलेला.

स्कोप म्हणजे काही जादू नाही. चित्रात उजेड किती आणि कोणता रंग किती, हे आलेखात दाखवणारी खिडकी. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ती आधीपासून आहे. पण ह्यांना वेगळा स्कोप हवा होता. मी म्हटलं, निवडायचा तर आधी आपलं अडतंय कुठे ते ठरवा. चेहरे फटफटीत होत असतील तर उजेडाचा आलेख बघा, पांढरी भिंत निळी पडत असेल तर लाल, हिरव्या, निळ्याच्या तीन पट्ट्या बघा. ह्यांनी मोबाइलवर ढीगभर व्हिडिओ पाहिले आणि ज्यात सगळ्यात जास्त रेघा नाचतात तो डबा मागवला, स्वतंत्र स्क्रीनसकट. स्क्रीनचं तोंड माझ्याकडे नाही, गिऱ्हाइकाच्या खुर्चीकडे. एक गिऱ्हाईक म्हणालं की अकोल्याच्या दवाखान्यात हार्टचं मशीन असतं तसंच हे दिसतं. त्या दिवशी ह्यांना आनंदानं जेवण गेलं नाही.

त्याच सुमारास जऊळक्याच्या रामरावांच्या वर्षाराणीचं लग्न निघालं. पोरगी सावळी, नाकीडोळी नीटस. लग्नाआधीच्या व्हिडिओत ह्यांनी तिचा पार मैदा करून टाकला होता. वर साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या आत्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, की हळद लागली की उजळेल पोरगी. ते तिला लागलं होतं. ती एकटीच स्टुडिओत आली.

"वहिनी, हळदीच्या व्हिडिओत मले पांढरी नोका करू," ती म्हणाली. "मांडवातल्या पडद्यावर सासरच्यायले मी हाये तशीच दिसली पाह्यजे. नसन पटत तं तिथंच समजू दे."

मी शब्द दिला.

हळदीचं शूटिंग ह्यांनीच केलं. बायकांनी कॅमेरावाल्यालाही सोडलं नाही, पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर अख्खा पंजा उमटवला. तो शर्ट दुसऱ्या दिवशी लग्नालाही अंगावर होता, कारण कॅमेऱ्यामागच्या माणसाला कोण बघतं, असं ह्यांचं तत्त्वज्ञान. संध्याकाळी मी व्हिडिओ पुरा केला. हळद पिवळीधमक, वर्षाराणी सावळी आणि खळखळून हसणारी. सकाळी नवरीच्या तयारीचं शूटिंग करायला मी पुढे गेले आणि हे डब्याजवळ एकटे राहिले. तिथेच घात झाला.

डब्यावर निळी पट्टी तळाला गेलेली दिसली. मोबाइलवरच्या गुरूनं सांगितलं होतं की तिन्ही पट्ट्या एका पातळीत आल्या म्हणजे रंग बरोबर. अहो, तो पांढऱ्या भिंतीबद्दल बोलत होता. हळदीत पांढरं काय असतं? मांडव पिवळा, साड्या पिवळ्या, झेंडू पिवळा, पाटावरची पोरगी पिवळी. उंटावरच्या ह्या शहाण्यानं निळा ओढत ओढत वर आणला, तिन्ही पट्ट्या आखल्यासारख्या सरळ केल्या आणि पेनड्राइव्ह खिशात घालून थेट मांडवात.

वऱ्हाड बसलं. पडदा लागला. पाच सवाष्णी वाटीत बोटं बुडवून वर्षाराणीच्या गालाला राखाडी काहीतरी फासत होत्या. साड्या राखाडी, झेंडू राखाडी, आणि गाणं मात्र हळदीचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्याबाई शेजारणीच्या कानाला लागल्या. नवरीची आजी, प्रयागबाई, पहिल्याच रांगेत होती.

"माह्या नातीले राख कायले फासून राह्यले?" तिनं विचारलं. सबंध मांडवानं ते ऐकलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रामराव दात खात उठले. पण त्यांच्या आधी वर्षाराणीच शालू सावरत स्टेजवरून उतरली आणि आमच्या टेबलाशी आली. हे समजावू लागले की मशीनमध्ये पाहिलंय, तिन्ही पट्ट्या सरळ आहेत, रंग एकदम शास्त्रशुद्ध आहे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांचं मनगट धरून हात वर उचलला, वऱ्हाडाला दिसेल इतका वर.

"भाऊ, हे काय हाये मंग?"

बाहीवर पिवळाधमक पंजा. हातच्या काकणाला आरसा कशाला, पण आमच्या ह्यांना लागतो. त्यांची मान खाली गेली ती वर येईना. मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं आणि त्यावरचं कालचं हळदीचं शूटिंग न कापता, न जोडता तसंच पडद्यावर लावलं. पिवळीजर्द, सावळी, हसणारी वर्षाराणी बांबूच्या खांबांएवढी उंच दिसली. नवरा मुलगा तोंड उघडं टाकून बघत राहिला. प्रयागबाईनं पडद्याकडे बघून कानशिलावर बोटं मोडली. उजळली नाही बाई, असं आत्याबाई म्हणाल्या, पण तोवर ते ऐकायला कुणाला सवड नव्हती.

घरी आल्यावर ह्यांनी शर्ट धुवायला टाकला. मी तो बादलीतून काढून स्टुडिओत डब्याशेजारी खिळ्याला टांगला, बाही पुढे करून. हळदीचं काम आलं की आधी ती बघायची, मग पट्ट्या. गिऱ्हाइकं विचारतात हे कोणतं मशीन. मी सांगते, सगळ्यात चांगला स्कोप आहे, मालकांनी स्वतः अंगावर घालून आणलाय.