दादांनी सांगितलेला पूल

मी एक जुना टीव्ही आहे. पाठ फुगलेली, काच जाड आणि वजन दोन माणसांचे. मित्रांनो, व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीच्या चाचणीच्या खोलीत माझे सगळे आयुष्य गेले.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा थाट होता. प्रत्येक नवा गेम आधी माझ्यावर चाले. पुढे भिंतीवर चपटे, रुंद टीव्ही लागले आणि माझ्या डोक्यावर फायली साठू लागल्या. एके दिवशी मला भंगारात द्यायला दोघांनी उचललेसुद्धा. तेवढ्यात कंपनीचे नवे प्रमुख दारात आले. त्यांना सगळे दादा म्हणत.

"याला कुठे नेताय?"

"जुना झालाय, दादा. आता यावर कोण खेळतं?"

"ज्यांच्या घरी असाच आहे, ती पोरं खेळतात. ठेवा खाली."

तेव्हापासून नियमच झाला. कोणताही गेम बाजारात जाण्याआधी दादा तो माझ्यासमोर बसून खेळत. स्टूल इतके बुटके, की त्यांचे गुडघे हनुवटीला टेकत. खेळण्यात ते अगदीच कच्चे. पहिल्याच लेव्हलला आपटत आणि स्वतःच हसत. चाचणी विभागाच्या ताई शेजारी वही घेऊन बसत. दादा त्यांना म्हणत, "मी हरलो त्याचं काही नाही हो. पण का हरलो, ते मला कळलं पाहिजे." माझ्या काचेवर अक्षरे वाचता आली नाहीत, तर अख्खा गेम परत जाई. प्रोग्रामर मंडळी माझ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत.

मग दादा आजारी पडले. शेवटचे आले तेव्हा मनगटावरचे घड्याळ कोपराकडे घसरत होते. नवा गेम डोंगरातल्या वाटेचा होता. त्यातला झुलता पूल पाय ठेवताच तुटला आणि दादा दरीत पडले. पुन्हा खेळले, पुन्हा पडले.

"हा तुटणार हे आधी कुठेच दिसत नाही," ते म्हणाले. "एखादी लहान पोर असेल तर रडेल."

ताईंनी वहीत लिहून घेतले. पूल ज्याने बनवला होता, त्या प्रोग्रामरला सगळे चष्मिस म्हणत. तो म्हणाला, "करतो, दादा."

सहा आठवड्यांनी, एका सोमवारी सकाळी, दादा गेल्याची बातमी आली. सभेचा मोठा हॉल होता, तरी माणसे एकेक करून याच खोलीत येऊन उभी राहिली. स्टुलावर कुणी बसले नाही. बाहेर फाटकापाशी अनोळखी लोक फुले आणि पत्रे ठेवून जात होते.

गेम आठ दिवसांत बाजारात जायचा होता. उपप्रमुख म्हणाले, "सुरुवातीलाच दादांचा फोटो टाकू." सगळ्यांनी माना डोलावल्या. दादांच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, त्यांचे सामान न्यायला आल्या होत्या.

"फोटो राहू द्या," त्या म्हणाल्या. "त्या पुलाचं काय झालं? घरी दोनदा बोलले होते."

चष्मिस खाली बघत म्हणाला, "अर्ध्या दिवसाचं काम होतं, वहिनी. म्हटलं, दादा पुढच्या वेळी आले की करून दाखवू."

वहिनींनी हातातले सामान खाली ठेवले. मग म्हणाल्या, "आता करा. मी थांबते."

दुपारपर्यंत काम झाले. आता पूल तुटण्याआधी दोन फळ्या थरथरतात आणि दोर करकरतो. वहिनींनी आयुष्यात कधी कंट्रोलर धरला नव्हता. त्या स्टुलावर बसल्या, खेळल्या आणि धाडकन दरीत पडल्या.

"चूक माझीच," त्या म्हणाल्या. "फळी हलत होती, मीच बघितलं नाही."

तेव्हा कुठे ताईंना रडू फुटले. चष्मिस तिथेच भिंतीला टेकून जमिनीवर बसून राहिला. गेम ठरल्या दिवशी गेला. फोटो टाकला नाही.

आता माझे रंग उडत चालले आहेत आणि सुटे भाग मिळत नाहीत. मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे मी सांगायला हवे. पण मला एक कोरडे फडके पुरते आणि वाट बघायला माझ्याकडे वेळ आहे. माणसांकडे तो असेलच असे नाही. कुणी तुम्हाला एखादे छोटे काम सांगितले असेल, तर ते आज करा आणि त्यांना नेऊन दाखवा. दादांनी तो पूल पाहिलाच नाही.