केशरबाईच्या हातावरचा जंतू

"मावशी, तुमच्या हातावरचा जंतू तो नव्हता," आकांक्षा म्हणाली.

केशरबाई तुरीच्या शेंगा सोलत राहिली. "कोनता तो?"

"संध्याच्या रक्तात सापडलेला."

आता तिचे हात थांबले.

दीड वर्षापूर्वी तिची सून संध्या बाळंतीण झाली आणि घरी आल्यावर थोड्याच दिवसांत तापानं गेली. रक्तात जंतू पसरला, असं डॉक्टर म्हणाले. संध्याला न्हाऊ घालणारी, अंग चोळणारी केशरबाईच होती. दिवसांना आलेल्या माणसांसमोर विहिणीनं विचारलं, "हात तरी धुतले व्हते का?" केशरबाई आपल्या हातांकडे बघत राहिली. धुतले होते, पण प्रत्येक वेळी का, हे तिचं तिलाच आठवेना. मुलगा भागवत तान्ह्या स्वराला घेऊन जालन्याला गेला, तिथं मस्तगड भागात खोली करून राहिला. आधी फोन उचलायचा, मग तेही थांबलं. गावात, पिंपळगावात, कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण आधी बाळंतिणींना न्हाऊ घालायला तिलाच बोलवायचे, ते बोलावणं आता येईना.

आकांक्षा मूळची परतूरची. बाळंतिणींच्या तापावर एका प्रयोगशाळेत काम करायची. संध्याच्या रक्तातला जंतू तिथं गोठवून ठेवला होता. पावसाळ्याआधी येऊन तिनं केशरबाईच्या हातावरून, रांजणातून, मोरीतून कापसाच्या बोळ्यानं नमुने नेले होते.

"पन माझ्या हातावर घावला ना जंतू?"

"घावला. त्याच जातीचा. तसा तो पुष्कळांच्या पोटात असतो, काही करत नाही. आम्ही दोन्हींची जनुकं शेजारी शेजारी ठेवून ताडून बघितली. संध्याच्या रक्तातल्याकडं काही जास्तीची जनुकं निघाली. त्यांच्यामुळं त्याच्यावर जाड कवच येतं, मग शरीराला तो मारता येत नाही. तुमच्या घरातल्या एकाही जंतूकडं ती नाहीत."

"मंग त्यो आला कुठून?"

"ते नाही सांगता येत."

"पन माझ्याकडून न्हाई, येवढं बराबर ना?"

"मावशी, मी नमुने नेले ते वर्षभरानंतर. तेव्हा घरात काय होतं, ते मला माहीत नाही. जे सापडलं ते वेगळं आहे, एवढंच मी सांगू शकते."

केशरबाईनं सोललेले दाणे पदरात घेतले, पुन्हा सुपात टाकले. "येवढंच भागवतला सांगता का? माझा फोन त्यो उचलत न्हाई."

आकांक्षानं आपल्या फोनवरून लावला आणि स्पीकर चालू केला. भागवतनं सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम," तो म्हणाला, "आईवर माझा राग न्हाई. बिलकुल न्हाई. आधी व्हता. पन आईचा आवाज ऐकला की ती खोली दिसती, शेगडी दिसती, संध्या दिसती. त्याला मी काय करू?"

पलीकडे काहीतरी भांडं पडलं आणि एक बारीक आवाज आला, "पप्पा, पानी."

केशरबाई फोनकडे सरकली. आपला आवाज जाऊ नये म्हणून तिनं पदर तोंडाला लावला. भागवत "ठेवतो" म्हणाला.

"स्वरा बोलाया लागली," केशरबाई म्हणाली. "संध्याबी लवकर बोलाया लागल्ती म्हनं."

मग ती उठली. चहा केला, तुरीचे दाणे पिशवीत बांधून दिले आणि आकांक्षाबरोबर थांब्यापर्यंत आली. जालन्याची गाडी लागलीच होती. कंडक्टरनं दार धरून विचारलं, "मावशी, येता का?"

"न्हाई. पोचवाया आले."

गाडी वळणाआड गेली तरी ती तिथंच उभी होती. सावलीला बसलेल्या गावातल्या गिरिजाबाईनं विचारलं, "कोन आल्ती गं?"

"संध्याकडली. निरोप घेऊन आल्ती," केशरबाई म्हणाली.