मॉस्कोतली चटणीची बरणी

२१ ऑगस्ट १९९१ ची संध्याकाळ. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत मॉस्को अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. अडचण एकच होती. वाऱ्याने गच्चीवरचा बांबू मोडला होता, आणि माझ्या रेडिओच्या तारेचं एक टोक ईरप्पाकाका नव्या बांबूने उंच धरून उभे होते.

"काका, तारेला हात लावू नका!" मी खिडकीतून ओरडले.

"न्हाय लावत! पोराचं काय ते बघ आधी!"

ईरप्पाकाका गुळाचे व्यापारी, आमचे शेजारी. त्यांचा सोमेश मॉस्कोत डॉक्टरी शिकत होता. सोमवारी तिथे रस्त्यांवर रणगाडे उतरले. सत्ता कुणाच्या हातात आहे ते कळेना, आणि ट्रंक कॉल लागायचे बंद झाले. तेव्हापासून त्याची आई, गंगव्वाकाकू, धड जेवल्या नव्हत्या.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची आणि परवाना काढून जगभर बोलता येणारा हौशी रेडिओ चालवायची. त्यावरूनच मॉस्कोतल्या गेन्नादीची ओळख झाली होती. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. शहरातल्या शहरात त्याचा फोन चालत होता. सोमेशच्या वसतिगृहात फोन करतो म्हणाला.

"खुशाल आहे का, असं विचारू ना?" मी काकूंना म्हणाले.

"अजिबात न्हाय. गेल्या थंडीत कावीळ झालती, तरी दोन म्हैने 'मजेत हाय' म्हणून लिवत हुता. त्याला इचार, चटणीची बरणी कुठवर आलीया?"

"बरणी कशाला?" मी विचारलं.

"जूनमधी भरून दिलीया, दिवाळीपतूर पुरंल अशी. निम्मी झाली आसंल तर पोरगं जेवतंय. भरल्याली आसंल तर आजारी हाय. बरणी खोटं बोलत न्हाय."

पद्धत म्हणून मला यात काही चूक सापडली नाही. मी प्रश्न इंग्रजीत पाठवला. गेन्नादीने तो दोनदा विचारून घेतला आणि थांबायला सांगितलं.

नुसती खरखर. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

गेन्नादीचा आवाज परत आला तो ओरडतच. "रणगाडे मागे फिरले! माझ्या खिडकीखालून चाललेत! ऐक!"

त्याने माइक खिडकीबाहेर धरला असावा. गाड्यांचे भोंगे, माणसांचा गलका, मॉस्कोचा अख्खा रस्ता माझ्या टेबलावरच्या स्पीकरमधून वाजू लागला. संध्याकाळच्या बातम्या अजून व्हायच्या होत्या. गावात हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

"काकू, रणगाडे परत चाललेत!"

"जाऊ देत की. बरणी?"

मी विचारलं. गेन्नादी म्हणाला, "रिकामी आहे."

काकूंचा चेहरा पडला. "खोटं. पाच किलो चटणी दोन म्हैन्यांत कोण खातंय? तुझ्या त्या रेडिओवाल्यानं फोन केलाच न्हाय. माझी समजूत काढतोय." त्यांनी पदर तोंडाला लावला.

मी "कशी काय संपली?" असं विचारलं, आणि नेमका आवाज बुडाला.

"काका, बांबू!"

"हात भरून आला गं!"

"वर धरा! वर!"

रेडिओवरची सुई हळूहळू उठली. गेन्नादी सांगत होता: दोन रात्री हजारो लोक रणगाडे अडवायला संसदेभोवती उभे होते, कालची रात्र तर पावसात. सोमेश आणि त्याचे मित्र पाव घेऊन तिकडे गेले. कोरडा पाव कसा द्यायचा, म्हणून सोमेशने त्यावर चटणी फासली. लोक खोकून खोकून बेजार झाले, पण अंगात ऊब आली तशी आणखी मागू लागले.

"आणि ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं," गेन्नादी म्हणाला, "त्यांच्या हातावर तो खिशातून एक तपकिरी खडा ठेवत होता. मला ते काय ते समजलं नाही. त्याने अक्षरं सांगितलीत. जी, यू, एल."

"गूळ," मी मोठ्याने म्हणाले.

काकू ताडकन उभ्या राहिल्या. त्यांच्या घरी जेवताना पाहुण्याला ठसका लागला की पाणी मिळत नाही, आधी हातावर गुळाचा खडा. मीही तो कितीदा चघळलाय.

"रशियाच्या माणसाला हे कसं ठावं आसंल?" त्या म्हणाल्या आणि एकदम हसत सुटल्या. "माझाच हाय त्यो! धडधाकट हाय! टँकांपुढं चटणी वाटतोय गाढव! डॉक्टरी शिकाय धाडलाय का पंगती वाढाय?"

वरून हाक आली, "आरं, मेलो मी! हाय का पोरगं? सांगा की कुणीतरी!"

काकू खिडकीबाहेर वाकल्या. "बरणी संपली! टाका त्यो बांबू नि खाली या. मिरच्या आणायच्यात!"

"आन् टँक?"

"गेलं की परत!"

गच्चीवर धप्प आवाज झाला आणि मॉस्को गप्प झालं. मी नुकतं कुठे "गेन्नादी, तुझे आभार" म्हणायला बटण दाबलं होतं.