भिंतीपलीकडची खोली

मार्लिस लाह्तेलाला आपला दिवाणखाना लहान वाटायला लागला तो मुलाचं लग्न ठरल्यावर. होणाऱ्या सुनेच्या आईवडिलांचं मिनिआपोलिसचं घर ती पाहून आली होती. तिथे दोन लांबलचक सोफे समोरासमोर ठेवूनही मधून माणसं आरामात ये-जा करत होती. डुलुथला घरी परतल्यावर सोफ्याचा कोपरा तिच्या गुडघ्याला लागला आणि ती वैतागली. ती मंडळी नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला येणार होती.

नवरा कर्टिस शाळेची बस चालवायचा. एका जेवणासाठी घर कोण फोडतं, असं तो आधी म्हणाला. पण व्याह्यांच्या घरी तोही अंग चोरून बसला होता, त्यामुळे त्याचा विरोध फार टिकला नाही.

ब्रोडर नावाचा कॉन्ट्रॅक्टर येऊन मापं घेऊन गेला. अंगणाच्या बाजूने वाढवायचं तर थंडीत जमीन खोलवर गोठते, म्हणून पाया फार खाली न्यावा लागणार होता. तो खर्च ऐकून कर्टिसने टोपी काढली आणि नुसतंच डोकं खाजवलं. दुसरा मार्ग स्वस्त होता. आतली भिंत पाडायची आणि पलीकडची खोली दिवाणखान्यात घ्यायची.

"त्या खोलीत काय आहे?" ब्रोडरने विचारलं.

"फारसं कुणी नसतं तिथे," मार्लिस म्हणाली.

त्या खोलीत कर्टिसचे वडील राहत होते. तोइवो लाह्तेलांचा जन्म खनिजाची जहाजं भरणाऱ्या धक्क्यावर गेला होता, आता ऐंशी उलटली होती आणि गुडघे साथ देत नव्हते. त्या वेळीही ते आतच होते, रेडिओ बारीक लावून.

म्हाताऱ्याला तळघरात हलवायचं, असं नवराबायकोचं ठरलं. खाली बॉयलरची ऊब होती, वाफेच्या अंघोळीची सौना होती, न्हाणीघर होतं. त्यांना ऊबच तर लागते, असं मार्लिस दोनदा म्हणाली. सांगायचं कुणी, हे मात्र ठरेना. आज सांगू, उद्या सांगू करत आठवडा गेला.

रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेनंतरच्या कॉफीला हिल्का सारी मार्लिसजवळ आली. हिल्का तोइवोंच्या वयाची, गावातल्या सगळ्यांना ओळखणारी.

"तुझ्या सासऱ्यांचं नवलच आहे बाई," ती म्हणाली. "या वयात तळघरात जायचा हट्ट! वर टीव्हीचा गोंगाट सोसत नाही म्हणे. पोरं बिचारी नको नको म्हणतायत, मीच ऐकत नाही, असं सांगत होते."

कर्टिस कप हातात घेऊन शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "त्यांच्यापुढे आमचं काय चालतंय?"

भोवतालची माणसं हसली. मार्लिसही हसली. पलीकडच्या टेबलाशी तोइवो वेलचीचा पाव कॉफीत बुडवून खात होते. त्यांनी मान वर केली नाही.

घरी आल्यावर ती तळघरात उतरली. बॉयलरपाशी घडीची खाट मांडलेली होती. खिळ्याला त्यांची टोपी होती, सौनाच्या कट्ट्यावर दाढीचं सामान. आठवडाभर ते एकेक वस्तू खाली आणत होते आणि वर कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. आता ते स्टुलावर बसून दिव्याची वायर सोडवत होते.

"बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. भिंत पातळ आहे. मीच बांधलीय ती, हलक्या लाकडाची."

"मग चर्चमध्ये तसं का सांगितलंत?"

"लोक विचारणारच. तुला नावं ठेवली असती त्यांनी."

मार्लिस पायरीवरच बसली. मग कसंबसं म्हणाली, "मी त्या माणसाला म्हणाले, तिथे फारसं कुणी नसतं."

"ऐकलं मी," तोइवो म्हणाले आणि वायरीची गाठ सोडवत राहिले.

ती वर आली आणि काम करायचं नाही, असं तिने ब्रोडरला फोनवर कळवलं. त्याने कारण विचारलं. त्या खोलीत माझे सासरे राहतात, असं ती म्हणाली. कर्टिस आधी तिच्यावर चिडला, पण मग एकटाच खाली गेला आणि खाट उचलून वर घेऊन आला. मला खालीच बरं वाटतं, असं तोइवो म्हणत राहिले. शेवटी गुडघ्यांना पायऱ्या झेपेनात, तेव्हा ते वरच्या खोलीत परतले.

मार्लिसने हिल्कालाही खरं काय ते सांगून टाकलं. हिल्काने तिचा हात थोपटला. सासऱ्यांचा दोष अंगावर घेतेस, किती गुणी आहेस, असं ती म्हणाली. मार्लिसने पुन्हा सांगून पाहिलं. हिल्काला ते पटलंच नाही.

थँक्सगिव्हिंगला दाटी व्हायची ती झालीच. तरुण पोरं जिन्यात मांडीवर ताटं घेऊन बसली. विहीणबाईंनी खोलीवरून एकदा नजर फिरवली, ती मार्लिसला दिसली. तिला त्याचं वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही.

टर्की कापून झाली तेव्हा तोइवो ताट घेऊन खोलीतून आले आणि दारातच थांबले. सोफ्याच्या टोकाला जागा होती.

"मी इथे बसलो तर चालेल ना?" त्यांनी तिला विचारलं.

कर्टिसने मान खाली घातली. "बसा ना, बाबा," मार्लिस म्हणाली. पाहुण्यांना त्यात वावगं काहीच दिसलं नाही.

पाहुणे गेले, हिवाळा सरला. तोइवो अजूनही बसण्याआधी विचारतात.