दोन डब्यांमधली वाट

मी एक जुना भोंगा आहे. मित्रांनो, शहाणे लोक ज्याला ध्वनिक्षेपक म्हणतात आणि झोपमोड झालेले लोक ज्याला काय काय म्हणतात, तोच मी. जन्मभर दुसऱ्यांचं बोललो. आज थोडं स्वतःचं बोलतो. ऐकून घ्या, फार मोठ्याने बोलणार नाही.

एका अंधाऱ्या कारखान्यात पत्रा ठोकून ठोकून मला आकार दिला गेला. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याला ठोकाठोकीपायी स्वतःला कमी ऐकू येत होतं. माझा आवाज कसा आहे, हे तो माझ्या काठावर बोट ठेवून ओळखायचा. बोट थरथरलं की म्हणायचा, "चालेल." तेवढंच कौतुक घेऊन मी जगात आलो.

मला विकत घेऊन रिक्षाच्या टपावर बसवलं हॅलोभाऊंनी. मांडव आणि आवाजाचं साहित्य भाड्याने देण्याचा त्यांचा धंदा. माईक हातात आला की "हॅलो, हॅलो" म्हटल्याशिवाय त्यांना राहवत नसे, म्हणून हे नाव पडलं. पण माझ्यातून खरा आवाज उमटायचा तो त्यांच्या बायकोचा. तिला सगळे वहिनी म्हणत. आवाज स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटं. सुरुवातीची वर्षं आम्ही चांगली कामं केली. उद्या पाणी येणार नाही, भरून ठेवा. अमक्या गटाचं रक्त तातडीने हवं आहे. निळा सदरा घातलेलं चार वर्षांचं मूल हरवलं आहे. ते मूल सापडलं, तेव्हा त्याची आई माझ्या रिक्षापाशी येऊन रडली होती. त्या दिवशी मला माझ्या पत्र्याचा अभिमान वाटला.

मग निवडणुका माझ्या वाट्याला आल्या, आणि अभिमान ठेवायला जागा उरली नाही.

यंदा निवडणूक देशाची होती. उमेदवार तीन. शिडी चिन्हावर एक वकील, घागरीवर एक कारखानदार आणि भोवऱ्यावर एक पैलवान. वकिलांनी मागच्या वेळी निवडून आल्यावर पाच वर्षं तोंड दाखवलं नव्हतं. कारखानदारांच्या धुराड्याने अर्ध्या वस्तीला खोकला लावला होता. आणि पैलवान आधी शिडीत होते, मग घागरीत, आता भोवऱ्यात. जिथे गेले तिथे म्हणाले की श्वास असेतोवर इथेच राहीन. त्यांचा श्वास फार आखूड असावा.

तिघांनीही हॅलोभाऊंनाच काम दिलं, कारण वहिनींसारखा आवाज दुसरा नव्हता. सकाळी रिक्षावर शिडीचा फलक, दुपारी घागरीचा, संध्याकाळी भोवऱ्याचा. रिक्षा तीच, भोंगा तोच. वहिनींच्या पिशवीत तीन कागद असत. एका सकाळी घाईत चुकीचा कागद हाती आला. शिडीच्या रिक्षातून वहिनींनी तीन तास घागरीची वचनं वाचली. चिन्हाचं नाव तेवढं फलक बघून शिडी म्हणत गेल्या. सोबत शिडीचे आठ कार्यकर्ते होते. ते प्रत्येक वचनाला टाळ्या वाजवत होते. खुद्द वकील उघड्या गाडीतून हात जोडत चालले होते. शेवटी ते वहिनींना म्हणाले, "आज आमचा मुद्दा लोकांपर्यंत अगदी नीट पोचला हो."

चूक एकाच माणसाने ओळखली. हॅलोभाऊंच्या आईने. त्या ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. वहिनी घरी येताच आई म्हणाल्या, "सूनबाई, घागरीतलं पाणी शिडीला पाजून आलीस की!"

वहिनींचा चेहरा उतरला. "अगंबाई! आता हो आई? ते ओरडतील."

"कोण ओरडणार? ज्याने स्वतःचा कागद वाचलाय तो ओरडेल. म्हणजे कुणीच नाही."

आणि खरोखरच कुणी ओरडलं नाही.

आता मित्रांनो, आईंच्या पायाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या पायावर उभं आहे. साखरेच्या दुखण्याने त्यांच्या टाचेला जखम झाली होती. दिवसाआड मलमपट्टी केली नाही तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दवाखाना रुळांच्या पलीकडे. तो दहाला उघडतो, बाराला बंद होतो. आणि रुळांवर रोज सकाळी सातला एक मालगाडी येऊन उभी राहते. ती माल भरून दुपारी दीडला निघते. एवढी लांब, की पायवाटही अडते आणि पुढचं फाटकही अडतं. आमच्या बाजूचे लोक डब्याखालून वाकून जातात. मध्येच ती न सांगता चार हात पुढे सरकते. दोन वर्षांपूर्वी एका गवंड्याचा हात तिथे गेला. मित्रांनो, तुम्ही असं कधीही करू नका. आईसुद्धा हौसेने करत नव्हत्या.

तिन्ही कागदांवर पुलाचं वचन होतं. पण आई पूल मागत नव्हत्या. त्यांचं मागणं लहान होतं. गाडी उभी असताना पायवाटेपाशी दोन डबे एकमेकांपासून सोडवून माणूस जाईल एवढी वाट ठेवावी. रेल्वेच्या साहेबाला एका खासदाराने ठासून सांगितलं तर अर्ध्या दिवसाचं काम.

प्रचारात तिघंही आईंच्या ओट्याशी आले. आईंनी तिघांना एकच सांगितलं, "पूल राहू द्या. उद्या दहा वाजता माझ्याबरोबर डब्याखालून चला. मग मताचं बघू."

वकील हसले. "आई, आम्ही इथे दोन पूल बांधणार. एक जायला, एक यायला."

"आणि मी मधे कुठे थांबू? याल का उद्या?"

"माझा प्रतिनिधी येईल."

प्रतिनिधी आला. डब्याखाली बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि आपल्या कंबरेत उसण असल्याचं त्याला आठवलं. गेला.

कारखानदार छायाचित्रकार घेऊन आले. चाकाशेजारी उकिडवे बसले, मान दुःखाने खाली घातली. फोटो झाला. "अजून एक घे, उजेड नीट नव्हता," म्हणाले. दुसरा झाला. उठले, गुडघे झटकले, निघून गेले. आई काठी धरून त्यांच्या मागे उभ्या होत्या. फोटोत त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चौकाचौकात तो फोटो लागला.

पैलवान आले ते दीड तास उशिरा, घाम पुसत. आमची रिक्षा त्या दिवशी पाळी बदलून सकाळपासून त्यांच्याच कामावर तिथे उभी होती, म्हणून मी सगळं पाहिलं.

"पूल होईल की नाही मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "वर आमचं कुणी ऐकत नाही. खोटं कशाला बोलू?"

"आजवर बोललात तेवढं पुरे झालं," आई म्हणाल्या. "वाका."

आणि पैलवान वाकले. पांढरे शुभ्र, कडक इस्त्रीचे कपडे घालून तो डोंगर डब्याखाली शिरला. अर्धा गेला आणि पोटाशी अडकला. कार्यकर्ते हसू दाबत उभे. इतक्यात लांब इंजिनाची शिटी वाजली.

कुणाला काही सुचेना. वहिनींनी माईक ओढला. "इंजिनवाले दादा, थांबा! गाडीखाली माणूस आहे! गाडी हलवू नका! माणूस आहे खाली!"

मित्रांनो, इतक्या जोराने मी कधी ओरडलो नव्हतो. माझ्या काठाला तिथे चीर गेली, ती अजून आहे. पण आवाज इंजिनापर्यंत पोचला. गाडी जागची हलली नाही. दोघा हमालांनी पैलवानांना पाय धरून ओढून काढलं. कपडे काळे, एक चप्पल आत राहिलेली. ते मातीतच बसले आणि छापता येणार नाही असं बरंच बोलले. मग आईंकडे बघून म्हणाले, "म्हातारे, रोज जातेस असं?"

"दिवसाआड. शिडीवर होतास तेव्हाही तुला सांगितलं होतं, घागरीत होतास तेव्हाही सांगितलं होतं. तेव्हा तुझे कपडे स्वच्छ राहिले."

दुसऱ्या दिवशी तिन्ही पक्षांनी पत्रकं काढली. गाडी आपल्याच दक्षतेमुळे थांबली, असं तिन्हींवर छापलं होतं. आणि ती वाचायला वहिनींनाच बोलावलं. वहिनींनी तिन्ही वाचली. त्यांच्या आवाजात तेव्हा जो कोरडेपणा होता, तो फक्त मला कळला.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी घरात वाद झाला. हॅलोभाऊ म्हणाले, "आई, मी जाणारच नाही. तिघंही सारखेच नालायक. कुणाला मत दिलं तरी हात बरबटणार."

"तिघंही नालायक, हे खरं," आई पायाची पट्टी सोडवत म्हणाल्या. "पण सारखे नाहीत. त्या दवाखान्यातली नर्स माहितीये ना तुला? तोंडाने फटकळ, हाताने दणकट, मला एकदा खुर्चीवरून उठवलं होतं तिने. म्हणून मी पाय घरी ठेवते का? बाकीच्या दोघी नर्स जखम बघून नाक मुरडतात. ही शिव्या देते, पण जखमेला हात लावते."

"म्हणजे पैलवान? तीन पक्ष बदललेला माणूस?"

"अरे, चौथाही बदलेल. मी काय त्याला जावई करून घेतेय? एकदाच का होईना, खाली वाकला. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. माझ्या मताची लायकी त्याच्यात नाही, पण माझ्यापुढे पर्याय तेवढाच आहे."

वहिनी हळूच म्हणाल्या, "आणि हरला तर?"

"हरू दे. मत दिलं म्हणजे बोलायचा हक्क राहिला. निवडून येईल त्याच्याशी बोलू."

घरातले तिघंही मतदानाला गेले. निवडून आले कारखानदार, भरघोस मतांनी. फोटो छान आला होता ना. पैलवान तिसरे आले आणि महिन्याभरात हार घालून पुन्हा घागरीत गेले. आईंना सांगितलं तेव्हा त्या नुसत्या "हं" म्हणाल्या.

मग आईंनी एक नेम धरला. रोज सकाळी दहाला पायवाटेपाशी जायचं आणि वहिनींनी माझ्यातून चार वाक्यं बोलायची. हॅलोभाऊ आधी घाबरले. "अगं, घागरीवाले पुन्हा काम देतील का?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच माझी तार जोडली, "हॅलो, हॅलो" म्हटलं आणि माईक वहिनींच्या हाती दिला.

"खासदारसाहेब, नमस्कार. दहा वाजले आहेत. मालगाडी उभी आहे. आमच्या आईंना मलमपट्टीला पलीकडे जायचं आहे. दोन डब्यांमधे वाट सोडायला सांगाल का?"

शिवी नाही, घोषणा नाही. रोज तेवढंच, पाऊस असो वा ऊन. पहिल्या आठवड्यात लोक हसले. तिसऱ्यात पलीकडे कामाला जाणाऱ्या मोलकरणी आणि हमाल येऊन शेजारी उभे राहू लागले. पन्नासाव्या दिवशी रेल्वेचे साहेब आले, त्यांनी वाट मोजली. साठाव्या दिवशी दोन डबे सुटले.

अर्थातच खासदार आले. मांडव आला, फोटोवाला आला. दोन डब्यांच्या मधोमध लाल फीत बांधली. माझ्यातूनच त्यांचं भाषण सुरू झालं. हा प्रश्न लहानपणापासून त्यांच्या मनाला कसा टोचत होता, ते सांगू लागले. पैलवान पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. पावणेबारा वाजले. आईंनी घड्याळ बघितलं. "सूनबाई, दवाखाना बंद होईल," म्हणाल्या. उठल्या, काठीने फीत वर उचलली आणि खालून पलीकडे गेल्या. त्यांच्यामागून मोलकरणी गेल्या, हमाल गेले. खासदार रिकाम्या खुर्च्यांशी बोलत राहिले.

मित्रांनो, माझ्यासारख्या भोंग्याला धूळ बसते, चीर पडते, एक दिवस भंगारात जावं लागतं. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण तुम्ही मोठे झालात की मत द्यायला जरूर जा, नाक मुरडत का होईना जा. आणि मत देऊन घरी आलात की आपला आवाज निकामी भोंग्यासारखा अडगळीत टाकू नका. त्याला रोज पुसा, रोज वापरा.

पूल अजून झालेला नाही. तो मागायला उद्या दहा वाजता आम्ही पुन्हा जाणार आहोत.