डब्याच्या पिशवीतलं पान

चौकट. केज-बीड रस्त्यावरचा फाटा, सकाळची एसटी, खिडकीतून आत जाणारा एक डबा.

डबा सायलीचा. ती बीडला खोली करून राहते, क्लास लावलाय. तिची आई, सत्यशीलाकाकू, घरी भाकरी थापतात आणि शेजारची योगिता पिशवी फाट्यावर नेऊन कंडक्टर मुंजाजीमामांच्या हाती देते. काकू गावभर सांगतात, योगिता लई गुणाची पोर. गुणाची कसली! भाकरीच्या फडक्याखाली, प्लॅस्टिकच्या कागदात, बहुतेक दिवशी वहीचं एक पान असतं.

चित्रकथेचं पान. गावाच्या पाण्याच्या टाकीवर राहणाऱ्या दोन मुली, एक लांब केसांची, एक आखूड. चित्रं योगिताची, फुग्यातलं बोलणं सायलीचं. हा करार दहावीपासूनचा, पानांचे आकडे डबा सुरू झाल्यापासूनचे. संध्याकाळी रिकाम्या डब्यातून पान भरून परत येतं.

चौकट. पान सत्तावीस.

लांब केसांचीनं आखूड केसांचीचा हात धरलाय. पाच बोटं काढायला योगिताला चार दिवस लागले. आखूड केसांचीच्या डोक्यावर फुगा. कोरा. योगिताला विचारायचं होतं ते सगळं त्या कोऱ्या फुग्यात होतं, आणि ते सायलीला कळणार होतं.

चौकट. डबा रिकामा.

चौकट. डबा रिकामा.

(अशा आठ.)

नवव्या दिवशी पान आलं. फुग्यात लिहिलं होतं, ‘सोड गं, हाताला लोणचं लागलंय!’

अक्षर गोल, वेलांट्या झुपकेदार. सायलीचं अक्षर उजवीकडं कलतं, एसटी धरायला पळाल्यासारखं. आणि चित्रातला हात? योगिताची रेघ एका दमात जाते. ही थांबत, विचारत गेली होती. कुणीतरी पान गिरवलं होतं.

कुणीतरी म्हणजे करिष्मा. सायलीच्या खोलीतली. फोनवर सायलीचं सारखं, करिष्मा म्हणते, करिष्माला विचारते, करिष्मा लई भारी हाय.

चौकट. पान अठ्ठावीस. तिसरी मुलगी. कुरळे केस, दात पुढं. टाकीवरून ढकलली. खोडली. परळीच्या वीजकेंद्राच्या राखेत गळ्यापर्यंत पुरली. खोडली. बोकडाच्या पाठीवर उलटी बसवून केजच्या बाजारातून फिरवली. ही ठेवावी वाटली. तीही खोडली.

दुसऱ्या दिवशी योगितानं पिशवी दिलीच नाही. पिशवीसकट गाडीत चढली.

“आज डबा बी अन् डबेवाली बी?” मुंजाजीमामा म्हणाले.

“मामा, गाडी सोडा.”

बीडच्या स्टँडवर डबा घ्यायला आलेली मुलगी सायली नव्हती. केस सरळ, दात जागच्या जागी. देखणी निघाली. एवढंच राहिलं होतं.

“तू योगिता ना? बोटं शिसपेन्सिलीनं काळी हायेत.”

“डबा सायलीचा हाय.”

“ती क्लासला असती सकाळी. मीच नेते रोज.”

रोज! म्हणजे प्रत्येक पान आधी हिच्या हातात.

“पान तू गिरवलंस?”

“खिडकीच्या काचेवर धरून. लई वाईट आलं, न्हाई?”

“लई.”

“लोणच्याचं तरी जमलं?”

“त्याच्याहून घाण.”

करिष्मा हसली. योगिता हसली नाही. “कावून केलंस?”

“तू फोन करून विचारायचीस, पान मिळालं का. फोन ठेवला की ती रडायची. मला वाटलं, काहीतरी धाडावं. चुकलं माझं.” तिनं गाईडमधून एक कागद काढला. “खरं पान हे. तिनं टाकलेलं, मी उचललं. आठ दिवस झाले, रोज आणते, मामांकडं द्यावं म्हणून. हिंमत होत न्हाई.”

सत्तावीस नंबरचं. योगिताचीच रेघ, एका दमातली. आखूड केसांचीच्या डोक्यावर मात्र फुगा नव्हता. भोक होतं. लिहून खोडून, लिहून खोडून कागद विरला होता. भोकाभोवती उजवीकडं कललेल्या खुणा. योगितानं पान उन्हात तिरकं धरलं. ‘आईला कळलं तर.’ त्याखाली ‘मी पण.’ त्याखाली परत ‘आईला.’

मी पण.

योगिताला स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न एकदम वाजावेत असं झालं. पण त्याच्या मागोमाग दुसरंही आलंच. हे करिष्मानं आधी वाचलं होतं. सायली रडताना शेजारच्या कॉटवर ही होती. पाणी हिनं दिलं असणार.

“तिला सांगू नको मी दिलं म्हणून,” करिष्मा म्हणाली. “न्हाई, सांग. काय बी कर, पण जेवून जा.”

“मला गाडी हाय,” योगिता म्हणाली आणि पिशवी तिच्या हातात दिली. पहिल्यांदाच, स्वतः.

चौकट. पान एकोणतीस. परतीच्या गाडीत, मागच्या सीटवर, खड्ड्यांमुळं रेघ वाकडी.

टाकीवर दोघी. हात तसाच धरलेला. आणि करार मोडून योगितानं लांब केसांचीच्या फुग्यात स्वतःच लिहिलं, ‘तुझ्या आईला मी बी भेते. हात राहू दे.’ दुसरा फुगा कोरा ठेवला, कागद जाड घेतला.

खाली, टाकीच्या जिन्यावर, तिसरी मुलगी. हातात डबा. केस सरळच काढले, खोटं कशाला? पण काढली पाठमोरी.

तोंड काढायला हात अजून तयार नव्हता.