जातो म्हणू नये

कुमुदिनीबाईंनी एंटरची कळ दाबली, जरा थांबल्या, पुन्हा दाबली. संगणकाचा पडदा ढिम्म हलेना. काल संध्याकाळी ठणठणीत असलेलं लिनक्स सलग तिसऱ्या सकाळी बंद पडलेलं होतं.

"परत गेलं रे," त्या म्हणाल्या.

"क्या यार!" प्रसन्नने हेल्मेट टेबलावर आदळलं. "मावशी, मी बोललो होतो ना, आपण गलत लिनक्स निवडलं."

'आपण' म्हणजे कोण, ते बाईंना बरोबर कळलं. दिल्लीशेजारच्या नोएडातल्या या कंपनीचं मेनफ्रेम, म्हणजे कपाटाएवढा मोठा संगणक, त्यांनी पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. पण दोन हजार दोन साल उजाडलं, शेजारी काचेच्या इमारती उठल्या, आणि सचदेव साहेबांच्या डोळ्यांत हे जुनं धूड खुपायला लागलं. ते भंगारात काढायचं, छोटे सर्व्हर आणायचे आणि बाईंना हारतुरे घालून व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, द्यायची, असं घाटत होतं. घरी बसून काय करायचं, पापड? संध्याकाळी फाटकावरचा गार्ड सवयीने विचारायचा, "जा रही हैं, मॅडम?" हल्ली तेवढंही त्यांना टोचायचं.

म्हणून त्यांनीच साहेबांना सांगितलं होतं, सर्व्हर कशाला, त्यांच्यावर चालणारी लिनक्स प्रणाली याच मशीनवर चालवून दाखवते. या एका मशीनच्या पोटात कितीतरी लहान मशीनं थाटता येतात आणि प्रत्येकात एकेक लिनक्स नांदू शकतं. अशा लिनक्सला म्हणतातच मुळी गेस्ट, म्हणजे पाहुणा. साहेब म्हणाले, ठीक आहे, शुक्रवारी सकाळी येतो. रात्रभर न थांबता चाललेलं दिसलं तर मशीन राहील.

आणि आज गुरुवार होता.

प्रसन्न दिल्लीत मयूर विहारला बाईंच्याच सोसायटीत वाढलेला, आता त्यांच्याच हाताखाली कामाला लागलेला. लिनक्स कोळून प्यायलेला, पण मेनफ्रेम त्याने जन्मात पहिल्यांदाच पाहिलं होतं. लिनक्स नाना तऱ्हांचं मिळतं, आणि कॉलेजात वापरलेलंच घालायचा त्याचा हट्ट होता. बाईंनी मात्र मेनफ्रेमसाठी मुद्दाम बांधलेलं निवडलं. "दुकानातल्या बाहुलीला शोभते म्हणून साडी घेतोस काय?" असं म्हणून त्याला गप्पही केलं होतं.

"अजून टाइम आहे. दुसरं टाकू?" त्याने विचारलं.

"दूध उतू गेलं म्हणून कोणी म्हैस बदलत नाही. लाव परत हेच."

त्याने लावलं. ते दिवसभर असं गुणी बाळासारखं चाललं की बाईंना त्याचा रागच आला. मेल्याला दिवसा काही होत नाही, आपली पाठ वळली की डोळे मिटतो! त्यांनी वीज तपासली, डिस्क तपासल्या. त्याच मशीनवरची जुनी कामं तर घड्याळासारखी चालली होती. बाईंना दुपारचा डबाही गेला नाही. निवड आपली होती आणि नाकही आपलंच कापलं जाणार होतं.

संध्याकाळी प्रसन्नने पाठीवर सॅक टाकली. उभ्याउभ्याच पडद्यावर लॉगऑफ टाइप केलं. ही शिस्त बाईंचीच. जुन्या कामांच्या पडद्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला त्या बजावत आल्या होत्या, उठताना लॉगऑफ करायचं, उघडं टाकून गेलास तर याद राख. पोरगा आज्ञाधारक, इथेही एक दिवस चुकला नव्हता.

"चलो मावशी, मी जातो."

"अरे, किती वेळा सांगू? जातो म्हणू नये. येतो म्हणावं."

"पण मी तर घरी जातोय! फर्क काय पडतो?"

"फरक काय पडतो म्हणे! जातो म्हणणारा माणूस..."

"काय?"

"गेलाच समजायचा," बाई म्हणाल्या, आणि त्यांची नजर पडद्यावर गेली. लॉगऑफ. तो शब्द तिथे अजून दिसत होता.

त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि हसतच सुटल्या. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. प्रसन्न घाबरला.

"मावशी, पाणी आणू?"

"अरे, आपणच त्याला रोज 'जा' म्हणून सांगतोय की! जुन्या कामात लॉगऑफने नुसता बसलेला माणूस उठतो, पण या पाहुण्याच्या पडद्यावर लॉगऑफ केलं, तर पाहुणाच उठून जाणार. आपल्याला माझ्याच शिस्तीने बुडवलं बघ! आता सांग, यात 'येतो' म्हणायची काही सोय आहे का? आपण उठायचं, पण त्याने चालू राहायचं."

प्रसन्नने खांद्यावरची सॅक खाली टाकली. मॅन्युअलची पानं भराभर उलटली.

"डिस्कनेक्ट!" तो ओरडला. "मावशी, डिस्कनेक्ट लिहिलंय! बिल्कुल 'येतो'च!"

लिनक्स पुन्हा सुरू केलं. मग त्याने डिस्कनेक्ट टाइप केलं, बोट कळीवर ठेवलं आणि पडद्याला वाकून, अगदी गंभीर चेहऱ्याने म्हटलं, "येतो हं."

शुक्रवारी सकाळी बाई साहेबांच्या आधी पोहोचल्या आणि चप्पलसुद्धा न काढता कळ दाबली. पडद्याने लगेच ओ दिली. बाईंनी हात जोडले. कोणाला, ते त्यांचं त्यांना माहीत.

साहेब आले, चष्मा वर करून पडद्यावर वाकले.

"कल शाम से लगातार?"

"जी," बाई म्हणाल्या.

"तो रहने दीजिए इसे." दारापर्यंत जाऊन ते वळले. "अगले महीने ऐसे दस लिनक्स और लगाने होंगे. सँभाल लेंगी?"

प्रसन्ननेच घाईघाईने सांगितलं, "बिल्कुल सर!"

संध्याकाळी बाई पर्स झुलवत फाटकाशी आल्या.

"जा रही हैं, मॅडम?" गार्डने विचारलं.

"नहीं भैया," बाई थाटात म्हणाल्या, "आती हूँ!" आणि झपाझप बस स्टॉपकडे निघाल्या.

गार्ड बिचारा बराच वेळ फाटक उघडं धरून उभा होता.